ताळेबंदात बारा रकाने हवेत: अन्नधान्याचे धोरण आखणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
कृषी, अन्नपुरवठा आणि नियोजन खात्यांचे मंत्री व अधिकारी, सांख्यिकी संस्थांचे प्रमुख, आणि अन्नमदतीचा निधी ठरवणारे सर्वजण,

स. न. वि. वि.

आपल्या टेबलावर दरवर्षी अन्नधान्याचा ताळेबंद येतो. पिकले किती, आयात किती, बाहेर किती गेले, बियाण्याला किती ठेवले, जनावरांनी किती खाल्ले, वाया किती गेले. उरेल त्याला आधी लोकसंख्येने आणि मग 365 ने भागतात आणि माणशी दररोज अमुक इतके उष्मांक असा एक आकडा तयार होतो. हे ताळेबंद मी अनेक वर्षे वाचते आहे आणि ते जुळवणाऱ्यांच्या कष्टांबद्दल मला आदर आहे. माझे म्हणणे फक्त त्या 365 च्या भागाकाराबद्दल आहे.

धान्य रोज थोडे थोडे येत असते तर हा भागाकार बरोबर ठरला असता. ते वर्षातून एकदा, कुठे दोनदा, फार तर तीनदा, तीन-चार आठवड्यांत ढिगाने येते आणि मग पुढची कापणी होईपर्यंत नुसते उतरत जाते. खाणारे पोट मात्र रोजचे असते. या दोन गोष्टींची सांगड कोण घालते, कशी घालते आणि कुणाला घालता येत नाही, हा अन्नपुरवठ्याचा खरा प्रश्न आहे, आणि वर्षाच्या आकड्यात तो कुठेच दिसत नाही.

संकटात भर पडली की आपण मराठीत ‘दुष्काळात तेरावा महिना’ असे सहज म्हणून जातो. ही म्हण म्हणजे मुळात एक हिशोब आहे. घरातला साठा बारा महिन्यांच्या बेताने भरलेला, त्यातही तुटीचे वर्ष, आणि मध्येच अधिक महिना आला की एका सुगीपासून दुसऱ्या सुगीपर्यंत तेरा महिने काढायचे. ज्यांनी ही म्हण घडवली त्यांना अन्न महिन्यांत मोजायची सवय होती. ती सवय सरकारी कागदांनी सोडली, घरांनी अजून सोडलेली नाही. कणगीत हात घालून ‘अजून दीड महिना जाईल’ असा अंदाज बांधणारी बाई आपल्या तक्त्यापेक्षा नेमकी आकडेवारी बाळगून असते.

पिकांचे वेळापत्रक माणसाच्या सोयीने ठरलेले नाही. गव्हाच्या हिवाळी जातींना कोवळेपणी काही आठवडे थंडी मिळाली नाही तर त्या ओंबी धरत नाहीत. म्हणून उत्तर गोलार्धातल्या थंड प्रदेशांत त्यांची पेरणी सप्टेंबर-ऑक्टोबरात आणि कापणी पुढच्या जून-जुलैत. भाताच्या बऱ्याच जुन्या जाती दिवस लहान होण्याची वाट पाहतात. लावणी पंधरा दिवस मागेपुढे झाली तरी त्या निसवतात आपल्या ठरल्या वेळीच. 1966 मध्ये आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने ‘आयआर-8’ हे वाण दिले. त्याचे नाव निघते ते उत्पादनामुळे. पण जुन्या जातींना 160 ते 180 दिवस लागत, तिथे हे वाण साधारण 130 दिवसांत तयार होत असे आणि दिवसाच्या लांबीची फारशी पर्वा करत नसे. पाणी असेल तर त्याच शेतात वर्षात दुसरे पीक निघू लागले. भुकेच्या महिन्यांकडे पाहणाऱ्या माणसाला हा गुण उत्पादनाइतकाच मोलाचा वाटेल.

जगाचा एकत्र विचार केला तर हंगाम पुसट होतो, हे मला मान्य आहे. भारत-पाकिस्तानचा गहू मार्च ते मे, युरोप-अमेरिकेचा हिवाळी गहू जून-जुलै, उत्तरेकडचा वसंतात पेरलेला गहू ऑगस्ट-सप्टेंबर, अर्जेंटिना-ऑस्ट्रेलियाचा नोव्हेंबर ते जानेवारी. असा एकही महिना जात नाही की जगात कुठे ना कुठे गहू कापला जात नाही. पण ज्या गावाचा रस्ता पावसात वाहून जातो आणि ज्या घरातला पैसा पेरणीतच संपलेला असतो, तिथवर ऑस्ट्रेलियाचा डिसेंबर पोचत नाही. तांदळाची गत तर आणखी वेगळी. जगातला सुमारे 90 टक्के तांदूळ आशियात पिकतो आणि एकूण उत्पादनाचा जेमतेम दहावा भाग देशांच्या सीमा ओलांडतो. बाकीचा जिथे पिकतो तिथेच खपतो, त्यामुळे तिथल्या हंगामाचे चटकेही तिथल्याच लोकांना बसतात.

हे चटक्याचे महिने कोणते, ते लोकांना पक्के ठाऊक असते. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या साहेल पट्ट्यातल्या फ्रेंच बोलणाऱ्या देशांत जून ते ऑगस्टच्या काळाला ‘सूदुर’ म्हणतात, म्हणजे सांधा: जुने धान्य संपते आणि नवी बाजरी-ज्वारी यायची असते, तो जोडकाळ. उत्तर बांगलादेशात अमन हा पावसाळी भात हाती येण्यापूर्वीच्या सप्टेंबर ते नोव्हेंबरच्या दिवसांना ‘मंगा’ हे नाव होते. इंडोनेशियात ‘पाचेक्लिक’. मलावीत मक्याची मुख्य कापणी एप्रिल-मे महिन्यांत होते आणि डिसेंबर ते मार्च हे महिने सर्वांत अवघड जातात. इतक्या लोकांनी एकाच गोष्टीला आपापली नावे ठेवली, पण बहुतेक राष्ट्रीय ताळेबंदांत तिला एक ओळसुद्धा नाही.

आणि त्या महिन्यांत नुसते धान्यच कमी नसते, हे मला आपल्याला विशेष करून सांगायचे आहे. बऱ्याच पावसावरच्या प्रदेशांत पेरणी, लावणी, खुरपणी अशी वर्षातली सर्वांत कष्टाची कामे याच काळात येतात. हिवताप आणि अतिसारही पावसाबरोबरच येतात. बाजारभाव चढलेला असतो. कर्ज मागायला गेले तर व्याजही याच दिवसांत जास्त. शरीराची गरज सर्वांत मोठी आणि ताट सर्वांत लहान, अशी ही गाठ पडते. शेतमजुराच्या घरी तर कणगीच नसते. तो वर्षभर विकतच खातो, आणि खुरपणी संपून कापणी सुरू व्हायच्या मधल्या काळात त्याच्या हाताला काम नसते, नेमके तेव्हाच धान्य महाग असते.

याचा पुरावा मागाल तर पश्चिम आफ्रिकेतल्या गाम्बियातल्या एका प्रयोगाकडे पाहा. तिथल्या 28 खेड्यांपैकी काहींत पाच वर्षे गरोदर बायकांना गरोदरपणाच्या मध्यापासून रोज शेंगदाण्याची बिस्किटे देण्यात आली. तुलनेसाठी बाकीच्या खेड्यांतल्या बायकांना हीच बिस्किटे बाळंतपणानंतर मिळाली. निष्कर्ष 1997 मध्ये प्रसिद्ध झाले. वर्षभराची सरासरी काढली तर जन्मतः बाळाचे वजन 136 ग्रॅमने वाढले होते. पण महिने वेगळे करून पाहिले तेव्हा जून ते ऑक्टोबर या भुकेच्या हंगामात ही वाढ 201 ग्रॅम निघाली आणि नोव्हेंबर ते मे या सुगीच्या काळात 94 ग्रॅम. बिस्किटे तीच, माणसे त्याच गावांतली, आणि केवळ महिना बदलल्याने गुण दुपटीहून जास्त. मृत जन्माला येणारी आणि पहिल्याच आठवड्यात दगावणारी बाळेही कमी झाली. 136 हा आकडा चुकीचा नाही. पण हातात तेवढाच असेल तर मदत कोणत्या महिन्यात नेऊन पोचवायची, हे आपल्याला कळणार नाही. मी हा आकडा अनेकदा आठवते, कारण आपल्या बहुतेक योजना त्या 136 वर चालतात.

आता भावाकडे येते. आफ्रिकेतल्या सात देशांतल्या बाजारांचा एक अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मक्याचा सुगीतला भाव आणि चणचणीतला भाव यांत सरासरी 33 टक्के फरक आढळला, तांदळात साधारण 17 टक्के. आंतरराष्ट्रीय बाजारातल्या हंगामी चढउतारापेक्षा हा फरक अडीच ते तीन पट मोठा होता. म्हणजे धान्य साठवणे, वाहून नेणे आणि त्यात पैसा अडकवणे या तिन्ही गोष्टी तिथे महाग आहेत. गरीब शेतकरी सुगीत स्वस्त विकतो आणि सहा महिन्यांनी तेच धान्य महाग घेतो. त्याला हिशोब कळत नाही असे समजणारे अजूनही भेटतात, आणि मला त्याचा राग येतो. सुगीच्या वेळी सावकार दारात उभा असतो, शाळेची फी भरायची असते, खत-बियाण्याची उधारी फेडायची असते. धान्य ठेवायला जागा कोरडी नसते. त्या दिवशी विकण्यावाचून दुसरा मार्गच नसतो. पश्चिम केनियात कापणीच्या वेळीच छोटे कर्ज देऊन पाहिले. शेतकऱ्यांनी मका लगेच न विकता ठेवून दिला आणि पुढे विकला. कर्जाच्या रकमेवर सुमारे 29 टक्के परतावा सुटला. जिथे पुष्कळ शेतकऱ्यांना असे कर्ज मिळाले तिथे बाजारातला चढउतारही कमी झाला आणि कर्ज न घेतलेल्यांनाही त्याचा फायदा पोचला. हेच कर्ज पेरणीच्या वेळी द्यायची आपल्याकडच्या योजनांना सवय आहे. कापणीच्या वेळीही त्याची तितकीच गरज असते.

साठवणीबद्दल थोडे तपशिलात लिहिते, कारण गोदामांच्या टनांचे आकडे वाचून ती नजरेसमोर येत नाही. सोंडे किड्याची मादी दाण्याला बारीक भोक पाडते, आत एक अंडे घालते आणि वरून चिकट द्रवाने ते भोक बुजवून टाकते. वरून दाणा धडधाकट दिसतो. अळी आतला पिठूळ गाभा खात वाढते आणि उबदार हवेत साधारण महिनाभराने नवा किडा गोल भोक पाडून बाहेर येतो. एक मादी शेकड्यांनी अंडी घालते. सुगीत एखाद्या पोत्यात मूठभर किडे असले तर तीन-चार महिन्यांनी, म्हणजे बरोबर जेव्हा ते धान्य लागणार असते तेव्हा, पोत्यात हात घातला की ऊब लागते, बोटांना पीठ चिकटते आणि दाणे पाण्यात टाकले तर तरंगतात. वर्षाच्या नुकसानीत हे पाच-दहा टक्के म्हणून नोंदले जाईल, पण ते सगळे नुकसान शेवटच्या दोन महिन्यांच्या अन्नातले असते.

यावर उपाय महागडे नाहीत. तीन पदरी हवाबंद पिशवीत धान्य भरून तोंड घट्ट बांधले की आतला प्राणवायू किड्यांच्याच श्वासाने संपतो आणि ते मरतात. औषध लागत नाही. मात्र धान्य आधी नीट वाळलेले हवे. भात कापताना दाण्यात 20 टक्क्यांहून अधिक ओल असते, आणि ती 14 टक्क्यांच्या खाली आणल्याशिवाय ते टिकत नाही. कापणीच्या आठवड्यात अवकाळी पाऊस आला की वाळवणार कुठे? 2004 मध्ये केनियाच्या पूर्व भागात ओलसर साठवलेल्या मक्यावर बुरशी धरली आणि तिच्या अफ्लाटॉक्सिन विषाने 317 लोक आजारी पडले, 125 दगावले. उत्पादनाच्या तक्त्यात तो मका जमेच्याच बाजूला असणार. गावात एक साधे वाळवणी यंत्र आणि ओल मोजायचे एक उपकरण, एवढ्याची तरतूद आपण सिंचनाच्या किंवा खताच्या शेजारी, तेवढ्याच गांभीर्याने करावी अशी माझी विनंती आहे.

सरकारांनी केलेल्या चुका वर्षाच्या सरासरीतूनच कशा जन्मतात, त्याचे सर्वांत दुःखद उदाहरण मलावीचे आहे. 2001 मध्ये मक्याचे पीक कमी आले होते, पण कसावासारख्या कंदपिकांचे उत्पादन फुगवून धरल्यामुळे कागदावर अन्न पुरेसे दिसत होते. राखीव साठ्यातला मका विकला गेला. 2002 च्या पहिल्या महिन्यांत, नवी कणसे भरायच्या आधी, लोक कोवळे पीक खाऊ लागले आणि माणसे उपासमारीने मेली. कसावाचे कंद खरोखर तेवढे असते तरी ते कुठल्या जिल्ह्यात, कोणत्या महिन्यात आणि कुणाच्या शेतात, हे कुणी विचारले नव्हते.

अचानक निर्यातबंदीचाही यात वाटा आहे. 2007-08 मध्ये भारत आणि व्हिएतनामने तांदळाच्या निर्यातीवर निर्बंध घातले, आयात करणाऱ्यांनी घाबरून खरेदी केली आणि काही महिन्यांतच जागतिक भाव दुपटीच्या वर गेला. तांदळाचे पीक त्या वर्षी बुडालेले नव्हते. आपल्या लोकांचे पोट आधी पाहणे हा कुठल्याही सरकारचा हक्क आहे, त्यावर माझा आक्षेप नाही. पण असा निर्णय रात्रीतून होतो तेव्हा, ज्या देशात त्याच वेळी चणचणीचे महिने चालू असतात तिथे तो किती जड जातो, याचा विचार निर्णयाच्या खोलीत कुणीतरी मांडायला हवा.

चांगलीही उदाहरणे आहेत. बांगलादेशात कूपनलिकांच्या पाण्यावर हिवाळ्यात लावला जाणारा बोरो भात वाढत वाढत अमनच्या पुढे गेला, आणि वर्षातली मोठी पोकळी दोन लहान पोकळ्यांत वाटली गेली. (भूजलाची पातळी आणि डिझेलचा खर्च ही त्याची किंमत आहे, ती विसरून चालणार नाही.) उत्तरेकडे कमी दिवसांत येणारी अमनची वाणे दिली, तेव्हा कापणी काही आठवडे आधी आली आणि मजुरांना नेमके मंगाच्या दिवसांत काम मिळाले. तिथे पिकाची तारीख बदलली आणि त्याने एकरी दोन क्विंटल वाढण्यापेक्षा जास्त काम केले असे मला वाटते. इथिओपियाने 2005 पासून गरीब कुटुंबांसाठी सुरू केलेल्या मदतयोजनेत कुटुंबाला विचारतात की वर्षातले किती महिने अन्न कमी पडते, आणि निवड त्यावर होते. प्रश्न इतका साधा आहे की तो प्रत्येक देशाच्या पाहणीत का नसावा, हे मला समजत नाही.

या सगळ्यात आता वेळापत्रकच हलू लागले आहे. भारतात मार्च 2022 हा 1901 पासूनच्या नोंदींतला सर्वांत उष्ण मार्च ठरला. गव्हाचा दाणा भरायचे तेच दिवस होते. दाणे सुरकुतले, आणि 13 मे रोजी गव्हाची निर्यात थांबवण्यात आली. 2024 च्या सुरुवातीला आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागात मका तुऱ्यावर आणि कणसावर असताना पाऊस गायब झाला. झांबिया, मलावी आणि झिम्बाब्वे या तिन्ही देशांनी काही आठवड्यांच्या अंतराने आपत्ती जाहीर केली. मक्याच्या कणसावर रेशमी धागे येतात त्या आठ-दहा दिवसांत पाणी नसेल तर परागकण वाया जातात, आणि नंतर कितीही पाऊस पडला तरी त्या कणसात दाणे येत नाहीत. भाताचा फुलोरा 35 अंशांच्या वर तापला की लोंब्या वांझ राहतात. अशा वर्षी पावसाची वार्षिक सरासरी पाहणे म्हणजे पुन्हा तोच 365 चा भागाकार.

म्हणून माझे मागणे असे आहे. पुढचा ताळेबंद काढाल तेव्हा त्यात एका रकान्याऐवजी बारा रकाने काढा. प्रत्येक महिन्याच्या सुरुवातीला देशात किती धान्य आहे, त्यातले सरकारकडे किती, व्यापाऱ्यांकडे किती आणि घराघरांत किती, याचा अंदाज त्यात असू द्या. घरातला साठा मोजणे अवघड आहे हे मी जाणते. पण कापणीनंतर तीन महिन्यांनी आणि कापणीपूर्वी एक महिना, असे दोनदा जरी निवडक गावांत विचारले तरी आजच्यापेक्षा पुष्कळ कळेल. पोषणाची पाहणी कोणत्या महिन्यात केली ते अहवालाच्या पहिल्या पानावर छापा. सुगीनंतर वजन केलेली मुले आणि चणचणीत वजन केलेली मुले एकाच तक्त्यात शेजारी ठेवून प्रगती झाली असे म्हणू नका. रोजगाराची कामे आणि रोख मदत यांचे वेळापत्रक अर्थसंकल्पी वर्षावरून न ठरवता पिकाच्या वर्षावरून ठरवा. चणचणीसाठी मंजूर झालेला पैसा मंजुऱ्यांच्या फेऱ्यात अडकून नव्या धान्याबरोबर पोचला तर त्याचा उपयोग उरत नाही. कापणीच्या आठवड्यात शेतमाल तारणावर कर्ज मिळू द्या, आणि ते लहान शेतकऱ्याच्या पाच पोत्यांवरही मिळू द्या.

हा तक्ता भरताना काही महिन्यांचे रकाने आपल्याला रिकामे ठेवावे लागतील, कारण ती माहिती आज कुणाकडेच नाही. ते रिकामेच छापा. कुठे पाहणी करायची ते त्यावरून लगेच दिसेल.

कळावे,
आपली,
अन्नधान्याच्या ताळेबंदांची एक जुनी वाचक